घोट्याचं अक्षर

सकाळचं पहिलं पाऊल मी टाकत नाही,
आधी विचारतो.
खाटेवर बसूनच, पंचा तळपायाला अडकवून
दोन्ही टोकं स्वतःकडे ओढत:
काय बाप्पा, उतरायचं का आज?
उजवा घोटा लगेच सांगत नाही.
उधारीवाल्या गिऱ्हाइकासारखा
जरा थांबा म्हणतो.

अकरा वर्षं झाली.
इतवारीत, हळदे किराणा भांडारची पाटी,
शिडीचा सातवा दांडा,
ह झाला होता,
ळ चं पहिलं गोल वळवलं होतं, दुसरं राहिलं.
माझ्याआधी डबा खाली पोचला.
लाल रंग बघून लोक रक्त समजून धावले.
रक्त नव्हतंच.
नुसता पाय, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा,
तोंड फिरवून बसला होता.

मेडिकलमध्ये सहा आठवड्यांचं प्लास्टर.
मग महालातल्या वैद्याचं तेल, मेव्हण्याचा लेप,
वच्छलानं तव्यावर तापवलेली वीट.
बरं वाटायचं,
अन् गणपतीची कमान रंगवायला उभा राहिलो
की संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा.
दुखणं परत येत नव्हतं,
मीच त्याच्याकडे जाऊन राहिलो होतो.
तोवर जिकडेतिकडे फ्लेक्स झाले.
हळदेच्या अर्ध्या ळ वर आता
तेलाचा डबा धरून हसणारं कुटुंब आहे.

मेश्राम मॅडम, फिजिओथेरपीच्या,
वय पंचवीस, आवाज हेडमास्तरचा:
काका, अंगठ्यानं हवेत एबीसीडी काढायची, रोज दोनदा.
मी म्हटलं, मॅडम, चाळीस वर्षं हातानं मराठी काढली,
पायालाच कशाला इंग्लिश मीडियम?
काढा काय काढायचं ते, म्हणाल्या,
पण गुडघा हलू द्यायचा नाही.

म्हणून दुपारी, कूलरसमोर,
संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर पोटरी टेकवून
मी लिहितो.
ग तर फुकटातच येतो.
ठ ला नुसतं गरगर फिरायचं.
क्ष ला आत कुठंतरी खुट् वाजतं.
शिरोरेघ सरळ येत नाही,
उजवीकडे नेता नेता मधेच झोल खाते,
ओल्या कपड्यांच्या दोरीसारखी.
ही माझी रेघ? गिऱ्हाइकानं पैसे कापले असते.

आणि ळ.
ळ ला अख्खा घोटा लागतो.
जिथं जिथं दुखतं, नेमकं तिथूनच वळण जातं.
पहिला महिनाभर काढलाच नाही.
आमच्या गावाकडे डोळ्याला डोया म्हणतात,
त्या आधारावर
ळ च्या जागी य काढून पुढे सरकायचो.

बाकीचं असं:
कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाण्याचा बर्फ,
तळपायाखाली वीस वेळा मागेपुढे.
(मटार ठेवायला जागा नाही, वच्छला म्हणते,
अन् तुमची बाटली!)
घरातसुद्धा बूट, देवापुढे तेवढा काढायचा.
जिना चढताना चांगला पाय आधी,
उतरताना दुखरा.
मेट्रोला लिफ्ट. लाज सोडून लिफ्ट.

पूर्ण बरं होईल का, विचारलं होतं एकदा.
मॅडमनी उलट विचारलं,
न थांबता किती चौक चालता?
दीड, मी म्हटलं.
त्यांनी कागदावर दीड लिहिलं.
अक्षर अगदी गचाळ.

काल गोळीबार चौकातून निघालो,
थांबत थांबत, पानठेल्यांच्या बाकांवर टेकत,
हळदेच्या दुकानापाशी आलो.
उन्हानं फ्लेक्सचा कोपरा फाटलाय.
आतून लाल दिसतो,
फिका, पण माझाच:
ह ची शेपटी, अन् शेजारी एकटं गोल.
गर्दी होती. पायात बूट होता.
तरी उभ्या उभ्या, कोणाला कळणार नाही असं,
बुटातल्या बुटात
दुसरं गोल वळवून बघितलं.

दुखलं.
शंभर ग्रॅम जिरं घेतलं
आणि परतीला रिक्षा केली.